येमेन: बाजारात गहू आहे, हातात पैसा नाही

२०२५ च्या जुलै महिन्यात एडन शहरात एक डॉलर घ्यायला सुमारे २,८०० येमेनी रियाल मोजावे लागत होते. त्याच दिवसांत सना शहरात तोच डॉलर साधारण ५३५ रियालला मिळत होता. दोन्ही शहरं येमेनमध्येच, आणि नोटांवर नावही एकाच मध्यवर्ती बँकेचं. सनामध्ये जुन्या नोटा चालतात. एडनमध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर रशियातून छापून आणलेल्या नव्या नोटा चालतात. नव्या नोटा सनामध्ये सापडल्या तर जप्त होतात.

येमेनची बातमी आपल्यापर्यंत येते ती ड्रोन, क्षेपणास्त्र, जहाजावरचा हल्ला अशा रूपात. त्या बातम्या खऱ्याच असतात, पण त्या वाचून तिथली माणसं उपाशी का आहेत हे कळत नाही. ते कळायचं असेल तर बंदुकीआधी या नोटेकडे बघावं लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एखादा मजूर इब्ब भागातला आहे असं धरा. इब्ब हुथींच्या, म्हणजे सना आणि उत्तरेचा बराच भाग धरून असलेल्या सशस्त्र गटाच्या, ताब्यात आहे. तो कामासाठी एडनला आला. महिनाभर राबून ३०,००० रियाल बाजूला काढले आणि हवाला दुकानातून घरी पाठवले. एडनचा भाव २,८०० वरून सावरून डॉलरला १,६०० च्या आसपास आला असेल, तरी त्याच्या बायकोच्या हातात सनाच्या हिशेबाने जेमतेम १०,००० पडतात. वर दुकानदाराची दलाली वेगळी. ज्या गव्हाचं पीठ ती घेणार, तो गहू परदेशातून आलेला असतो, कारण येमेनला लागणाऱ्या गव्हापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो. तो डॉलरमध्ये विकत घेतलेला असतो. जहाज एडनला लागलं तर तिथे एकदा कर भरायचा, मग माल डोंगरात चढवून हुथींच्या हद्दीत नेला की तिथल्या नाक्यावर पुन्हा जकात. मधल्या प्रत्येक चौकीवर शस्त्रधारी पोरं उभी असतात, त्यांचं वेगळं. हा सगळा खर्च शेवटी पिठाच्या पोत्यावर चढतो.

दुकानात पीठ असतं. तेल असतं, साखर असते, कित्येक ठिकाणी डबाबंद दूधही असतं. विकत घेणाऱ्याकडे पैसा नसतो. येमेनच्या भुकेचं वर्णन दुष्काळ या शब्दात केलं की दोष पावसावर जातो आणि माणसं सुटतात, म्हणून मला ते वर्णन पटत नाही.

पैसा कुठे गेला, याचं उत्तर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सापडतं. युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. राजधानी सना हुथींकडे होती आणि आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले राष्ट्राध्यक्ष अब्द रब्बू मन्सूर हादी यांचं सरकार अर्धं रियाधमध्ये, अर्धं एडनमध्ये होतं. तरीही सनामधली मध्यवर्ती बँक एक अद्भुत काम करत होती. गव्हर्नर मोहम्मद बिन हम्माम आणि त्यांचे अधिकारी दोन्ही बाजूंच्या प्रदेशांतल्या सरकारी नोकरांचे पगार देत होते. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांचे पगारही त्याच एका तिजोरीतून निघत. गहू, तांदूळ आयात करणाऱ्यांना ठरलेल्या भावाने डॉलर मिळत. देश दुभंगला होता, तरी तिजोरी एक होती.

परकीय गंगाजळी आटत चालली होती. हुथी युद्धासाठी बँकेचा पैसा वापरतात, असा हादी सरकारचा आरोप होता. हादींनी बँकेचं मुख्यालय एडनला हलवण्याचा आदेश काढला. एडनची शाखा अशा कामासाठी तयार नव्हती, आणि सनामधल्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रं सोडली नाहीत. परिणाम असा, की देशातल्या सुमारे १२ लाख सरकारी नोकरांपैकी बहुसंख्यांचा पगार थांबला. शिक्षक, परिचारिका, नगरपालिकेचे सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचे तंत्रज्ञ, सगळेच त्यात आले. येमेनमध्ये एका पगारावर सात-आठ माणसं सहज अवलंबून असतात. एडनच्या बाजूला पुढे पगार सुरू झाले, पण ते कधी वेळेवर, कधी तीन महिने उशिरा, आणि रियाल पडत गेल्यामुळे त्यांची किंमत वितळत गेली. सनाच्या बाजूला अधूनमधून अर्धा पगार मिळतो. देशातल्या शिक्षकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना २०१६ पासून नियमित पगार नाही. पाणी शुद्ध करणारी, कचरा उचलणारी यंत्रणा कोसळल्यावर २०१७ मध्ये कॉलरा पसरला आणि संशयित रुग्णांची संख्या त्याच वर्षी दहा लाखांच्या घरात गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज ३ लाख ७७ हजार दिला होता. त्यातले सुमारे साठ टक्के मृत्यू बॉम्ब किंवा गोळीने झालेले नाहीत. भूक, दूषित पाणी, न मिळालेला डॉक्टर यांनी झालेले आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे.

आता हा देश असा दुभंगला कसा, तिकडे वळू.

येमेनचे उत्तर आणि दक्षिण हे दोन भाग फार जुन्या काळापासून वेगळ्या वाटेने चालले. उत्तरेतल्या उंच डोंगरांत नवव्या शतकाच्या अखेरपासून १९६२ पर्यंत, मधले खंड धरूनही, झैदी इमामांचं राज्य होतं. झैदी ही शिया पंथाची शाखा, पण इराणमधल्या शियांपेक्षा बरीच निराळी. रोजच्या धर्माचारात सुन्नींच्या जवळची. देशातले बहुसंख्य लोक शाफई सुन्नी आहेत. दोघंही पिढ्यान्‌पिढ्या एकाच मशिदीत नमाज पढत आले. त्यामुळे हे शिया-सुन्नींचं हजार वर्षांचं वैर आहे, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. युद्धाने मात्र हे वैर आता पिकवलं आहे.

दक्षिणेची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९ जानेवारी १८३९ रोजी इंग्रजांनी एडन घेतलं आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे दिला. १९३२ पर्यंत एडन मुंबईच्या हाताखाली होतं आणि १९३७ मध्ये ते ब्रिटिश हिंदुस्थानापासून पूर्ण वेगळं झालं. वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप झाल्यावर एडनच्या तुरुंगात पाठवलं गेलं ते त्यामुळेच. तिथून निसटण्याचा प्रयत्न फसल्यावर १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. भारतीय रुपया तर एडनच्या बाजारात १९५१ पर्यंत चालत होता.

दुसरा धागा मराठवाड्यात सापडतो. नांदेड, परभणी, औरंगाबाद या भागांत चाऊस आडनावाची घरं आहेत. त्यांचे पूर्वज पूर्व येमेनमधल्या हद्रमौतमधून निजामाच्या सैन्यात आले. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांकडून लढणारे आणि १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला लढवणारे अरब शिपाईही आपल्या इतिहासात आहेत. हद्रमौतची माणसं पोटासाठी जग फिरत आली: हैदराबाद, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिका, पुढे सौदी अरेबिया. येमेनचं अर्थकारण हे आधीपासूनच बाहेर गेलेल्या माणसाच्या पैशावर उभं आहे, आणि आजही परदेशातून येणारा पैसा हाच तिथल्या घरांचा सर्वांत भरवशाचा आधार आहे.

१९६२ मध्ये सैनिकांनी उत्तरेतला इमाम हटवला आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. मग आठ वर्षं यादवी झाली. एका बाजूला नासेरच्या इजिप्तचं सैन्य, दुसऱ्या बाजूला सौदीचा पैसा. दक्षिणेतून इंग्रज १९६७ मध्ये गेले आणि तिथे अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य उभं राहिलं. सोव्हिएत मदत आटली तशी दक्षिण कोलमडली आणि २२ मे १९९० रोजी दोन्ही येमेन एक झाले. नेतृत्व गेलं उत्तरेच्या अली अब्दुल्ला सालेह यांच्याकडे.

सालेह १९७८ पासून उत्तरेत सत्तेवर होते. येमेनवर राज्य करणं म्हणजे सापांच्या फण्यांवर नाचणं, असं ते म्हणत. प्रत्यक्षात त्यांनी सापांना दूध पाजण्याची पद्धत बसवली. टोळीप्रमुखांना मासिक पैसे, सेनापतींना कागदावरच्या शिपायांचे पगार, व्यापाऱ्यांना आयातीचे परवाने, नातेवाइकांना पलटणी. सगळ्याचा खर्च तेलातून. १९८४ मध्ये मारिबला तेल सापडलं आणि २००१ च्या सुमारास उत्पादन दिवसाला साडेचार लाख पिंपांच्या जवळ पोचलं. आखाती देशांच्या मानाने हे थोडंच, पण सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग त्यातूनच यायचा. नंतर तेल घटत गेलं आणि दूध पुरेना. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये सालेह यांनी जमवलेल्या मालमत्तेचा अंदाज ३२ ते ६० अब्ज डॉलर असा दिला. जगातल्या अतिगरीब देशांत मोजल्या जाणाऱ्या देशाच्या प्रमुखाची ही मालमत्ता.

एकीकरण झालं त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. इराकने कुवेत घेतल्यावर येमेनने सौदी-अमेरिकेच्या बाजूला उभं राहायचं नाकारलं. सौदीने येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या आणि काही महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसं परत आली. नोव्हेंबर १९९० मध्ये सुरक्षा परिषदेत लष्करी कारवाईच्या ठरावाविरुद्ध मत देणारे दोनच देश होते, क्युबा आणि येमेन. अमेरिकेची मदतही गेली. नवजात देशाच्या पहिल्याच वर्षी घरोघरचा मनीऑर्डरचा पैसा बंद झाला. १९९४ मध्ये दक्षिणेने फुटून निघायचा प्रयत्न केला, सालेह यांनी तो सैन्याने मोडला. दक्षिणेतले हजारो अधिकारी, कर्मचारी नोकरीतून काढले गेले, जमिनी उत्तरेतल्या वजनदारांनी लाटल्या. एडनमधला राग तिथून आहे.

हुथींचा राग दुसऱ्या टोकाचा. उत्तरेला सौदीच्या सीमेलगत सादा हा प्रांत आहे. इमामांच्या काळात प्रेषितांच्या वंशजांना, सय्यदांना, तिथे मान आणि सत्ता होती. १९६२ नंतर ती गेली. रस्ता, दवाखाना, शाळा यांत सादा मागे राहिला. त्यातच सौदी पैशावर सलफी, म्हणजे कडव्या सुन्नी विचाराचे, मदरसे तिथे वाढले, तेव्हा आपला पंथच पुसला जाणार अशी भीती झैदींना वाटू लागली. हुसेन अल-हुथी हे माजी खासदार त्या चळवळीचे नेते झाले. सालेह यांनी सैन्य पाठवलं, २००४ मध्ये हुसेन मारले गेले, आणि २०१० पर्यंत सहा लढाया झाल्या. प्रत्येक लढाईत गावं उद्ध्वस्त झाली आणि हुथींचे लढवय्ये वाढले. आज नेतृत्व त्यांचे धाकटे भाऊ अब्दुल मलिक यांच्याकडे आहे.

२०११ मध्ये तरुण रस्त्यावर आले. त्यांच्यातल्या तवक्कुल करमान यांना त्या वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. २०१२ मध्ये सालेह पायउतार झाले, हादी आले, पण सालेह यांना खटल्यापासून अभय मिळालं आणि ते सनामध्येच राहिले. राष्ट्रीय संवाद परिषद दहा महिने चालली, राज्यघटनेवर चर्चा झाली, देशाचे सहा संघीय प्रदेश करायचं ठरलं. ती चर्चा खोटी नव्हती. अनेक स्त्रिया, तरुण, दक्षिणेतले कार्यकर्ते मनापासून तिच्यात बसले होते. मात्र रोजच्या जगण्यात काही सुधारत नव्हतं. जुलै २०१४ अखेर सरकारने इंधनावरचं अनुदान काढलं, पेट्रोल १२५ वरून २०० रियालवर गेलं आणि डिझेल जवळजवळ दुप्पट झालं. डिझेलवर विहिरींचे पंप चालतात, मालवाहू गाड्या चालतात. हुथींनी हा संताप उचलला. सालेह यांनी आपल्या जुन्या शत्रूंना आतून साथ दिली आणि २१ सप्टेंबर २०१४ ला सना पडलं. ज्यांनी सहा वेळा एकमेकांना मारलं ते मित्र झाले. ४ डिसेंबर २०१७ रोजी हुथींनीच सालेह यांना ठार केलं.

२६ मार्च २०१५ रोजी सौदी आणि अमिरातींच्या आघाडीने हादींच्या बाजूने हुथींवर बॉम्बफेक सुरू केली. भारतीय नौदल आणि हवाईदलाने त्या वेळी ऑपरेशन राहतमध्ये साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना बाहेर काढलं, शिवाय ४१ देशांचे ९६० नागरिक. परदेशी माणसं गेली, येमेनी मागे राहिले. होदैदा बंदरातून देशाची बहुतेक अन्नआयात होते. तिथल्या क्रेन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई हल्ल्यात मोडल्या. सनाचा विमानतळ ऑगस्ट २०१६ ते मे २०२२ प्रवासी विमानांना बंद राहिला, आणि ज्यांना परदेशी उपचारांची गरज होती ते वाट बघत मेले. दुसऱ्या बाजूला हुथींनी तैज शहराला वेढा घातला. शहरातून पलीकडच्या हौबान वस्तीत जायला पूर्वी पंधरा मिनिटं लागायची. नंतर डोंगर वळसा घालून पाच-सहा तास. तो रस्ता जून २०२४ मध्ये खुला झाला. हुथींनी पेरलेल्या भूसुरुंगांत शेतकरी आणि गुराखी अजून पाय गमावतात. कोणाची बाजू घ्यावी असं मला विचारलं तर मी तैजमध्ये पाण्याचे डबे वाहणाऱ्या पोरांची घेईन.

हे इराण-सौदीचं भाडोत्री युद्ध आहे, हे वाक्य सगळीकडे दिसतं. इराणची शस्त्रं आणि तंत्रज्ञान हुथींकडे पोचतं, याचे पुरावे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहेत. पण सादाची उपेक्षा, दक्षिणेच्या लाटलेल्या जमिनी, बंद पडलेले पगार तेहरानमधून आलेले नाहीत. बाहेरच्यांनी भडकलेल्या आगीत तेल ओतलं.

मान्यताप्राप्त सरकारची बाजू तर एकसंध कधीच नव्हती. अमिरातींच्या पाठबळावर दक्षिणेच्या फुटीरवाद्यांनी २०१७ मध्ये स्वतःची परिषद काढली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच सरकारच्या हातून एडन घेतलं. एप्रिल २०२२ मध्ये हादी बाजूला झाले आणि रशाद अल-अलीमी यांच्या अध्यक्षतेखाली आठ जणांचं अध्यक्षीय मंडळ आलं. त्यातल्या कित्येकांची स्वतःची फौज होती, आणि प्रत्येक फौजेला पगार देणारा निराळा.

या सगळ्यात समाजाची उतरंडही बघायला हवी, आणि ती समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत. वर सय्यद, मग काझी घराणी, मग शस्त्र बाळगणारे टोळीवाले, खाली न्हावी, खाटीक, भाजीविके अशी व्यवसायांवरून हलकी मानली गेलेली घरं. सर्वांत तळाशी मुहम्मशीन: काळ्या वर्णाचे, पिढ्यान्‌पिढ्या रस्ते झाडणारे, शहरांच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत राहणारे. बॉम्बमुळे घर सोडावं लागलं तेव्हा टोळीवाल्याला टोळीने आसरा दिला. मुहम्मशीनांना शाळांच्या इमारतींतही जागा नाकारली गेली. हुथींनी २०२० मध्ये झकातीच्या, म्हणजे इस्लाममधल्या धार्मिक दानाच्या, नियमावलीत खनिज, मासळी अशा उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, खुम्स, प्रेषितांच्या वंशजांसाठी राखला. १९६२ चं प्रजासत्ताक ज्यासाठी आलं होतं, तेच उलटं फिरलं, असं कित्येक येमेनींना तेव्हा वाटलं.

शेतीत काय चाललंय? दुपार झाली की पुरुष कात घेऊन बसतात. हा आपल्या विड्यातला कात नव्हे; ही चघळायची हिरवी पानं, सौम्य उत्तेजक. त्याला रोज रोख भाव मिळतो, म्हणून ज्या डोंगरउतारांवरची कॉफी मोखा बंदरातून जगभर गेली, तिथे आता काताची झाडं आहेत. शेतीच्या पाण्याचा मोठा हिस्सा हे एकच पीक पितं. युद्धात डिझेल महागल्यावर शेतकऱ्यांनी सौर पंप बसवले. घरांत दिवा लागला ही मोठीच गोष्ट. पण सौर पंपाला इंधनाचा खर्च नाही, म्हणून तो दिवसभर चालतो, आणि सनाच्या खोऱ्यातलं भूजल आणखी खाली जातं. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. गव्हाने त्याचं घर चालत नाही, काताने चालतं. दोन्ही बाजूंची सरकारंही कातावर कर घेतात.

एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीनंतर मोठ्या लढाया थांबल्या आणि युद्ध पैशाच्या मैदानात गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये हुथींच्या ड्रोनांनी दक्षिणेतल्या तेलबंदरांवर हल्ले केले. तेलाची निर्यात थांबली, एडन सरकारचं मुख्य उत्पन्न गेलं, रियाल घसरत २,८०० पर्यंत गेला तो त्यातूनच. नोटा जीर्ण झाल्या म्हणून मार्च २०२४ मध्ये सनाने १०० रियालचं नाणं पाडलं. एडनच्या बँकेने सनामधल्या बँकांना मुख्यालय एडनला आणायला सांगितलं आणि न मानणाऱ्या सहा बँकांचे परवाने रद्द केले. हुथींनी सौदीला उघड धमकी दिली. शेवटी २३ जुलै २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने तो निर्णय मागे घेतला गेला.

तांबड्या समुद्राचं प्रकरण आपल्यापर्यंत द्राक्षांच्या पेट्यांतून पोचलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझाच्या युद्धाचं कारण देत हुथींनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं आणि मग जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. ऐन २०२४ च्या हंगामात न्हावा शेव्यातून रॉटरडॅमला निघालेली नाशिकची द्राक्षं जादा दिवस समुद्रात राहिली, कंटेनरचं भाडं भडकलं. अमेरिका, ब्रिटन आणि नंतर इस्रायलने येमेनवर हल्ले केले. ऑगस्ट २०२५ मध्ये हुथी सरकारचे पंतप्रधान अहमद अल-रहावी इस्रायली हल्ल्यात मारले गेले. या हल्ल्यांत होदैदाचं बंदर पुन्हा मोडलं, म्हणजे गहू उतरवायची जागा.

जून २०२४ पासून हुथींनी संयुक्त राष्ट्रांचे आणि मदतसंस्थांचे अनेक येमेनी कर्मचारी हेरगिरीच्या आरोपाखाली डांबले आहेत. देणग्या आटल्या आहेत आणि अमेरिकेने २०२५ मध्ये मदत कापली.

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत हान्स ग्रुंडबर्ग यांनी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या वाटचालीची रूपरेषा जाहीर केली होती. देशभर शस्त्रसंधी, सर्व सरकारी नोकरांचे पगार, तेलाची निर्यात पुन्हा सुरू, तैजसह सगळे रस्ते खुले, सना विमानतळ आणि होदैदा बंदरावरचे निर्बंध आणखी सैल. तांबड्या समुद्रात हल्ले वाढले आणि ती रूपरेषा बाजूला पडली. पण तिच्यात काय लिहिलं होतं ते पाहण्यासारखं आहे. पगाराचा पैसा तेलातून येणार होता, तेल एडन सरकारच्या बाजूला आहे, आणि पगार थकलेले बहुसंख्य नोकर उत्तरेत आहेत. तेलाचा पैसा कोणत्या बँकेत जमा होणार, पगाराची यादी कुठल्या सालची धरायची, हुथींनी युद्धात भरती केलेले सैनिक त्या यादीत बसणार की नाही, पगार कोणत्या नोटेत द्यायचा, हे प्रश्न तेव्हाही सुटले नव्हते. आजही घोडं तिथेच अडलं आहे.